उलट्या पट्टीची ट्विचेल

जगात बंदुका दोन प्रकारच्या असतात: वाजणाऱ्या आणि मौल्यवान. पहिल्या प्रकारच्या बंदुकीने शिकार होते, दुसऱ्या प्रकारच्या बंदुकीची चर्चा होते. एकच बंदूक दोन्ही प्रकारांत मोडू लागली, तर तिला वेळीच आवरण्यासाठी जबाबदार माणसांची समिती असावी लागते. मोंटाना राज्यातल्या हार्लन फोर्क गावाला अशी समिती लाभली आहे. (गावात दवाखाना नाही. तो साठ मैलांवर आहे. पण समितीसाठी एवढे लांब जाणे कुणाला परवडले नसते.)

समितीचे पूर्ण नाव 'ट्विचेल मॉडेल अकरा संग्राहक संघ'. ट्विचेल नावाचा एक कारखाना कनेटिकटमध्ये होता, तो रायफली बनवत असे आणि फार पूर्वी बंद पडला. बंद पडल्यामुळेच त्याची प्रतिष्ठा वाढली. चालू असता तर त्याने आणखी रायफली बनवल्या असत्या आणि सगळा घोटाळा झाला असता.

दर ऑक्टोबरात गावच्या जत्रेच्या मैदानावर, मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये, बंदुकांचे प्रदर्शन भरते. ऑगस्टमध्ये त्याच शेडमध्ये मेंढ्यांना गुण देतात. टेबले तीच, परीक्षकही बरेचसे तेच. दाराशी चर्चच्या बायका मिरचीदार बीन्सचा रस्सा आणि त्यावर दालचिनीचा गोड रोल विकतात. (हे दोन पदार्थ एकत्र का खातात हे विचारणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो, आणि त्याला रोल लहान मिळतो.)

तर या शेडमध्ये त्या शनिवारी आर्लो टॉर्गर्सन एक स्क्रू शोधायला आला. आर्लो हिवाळ्यात काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो आणि उन्हाळ्यात त्याच ट्रकबद्दल तक्रार करतो. वय बावन्न, लग्न झालेले नाही, आई आहे. त्याच्या हातात आईची रायफल होती. नेम धरायची पुढची खूण सैल झाली होती, तिला एक बारीक स्क्रू हवा होता. स्क्रूची किंमत पाऊण डॉलर. आर्लोने खिशात एक डॉलर ठेवला होता आणि उरलेल्या पैशांत काहीच येत नाही म्हणून तो थोडा नाराजही होता.

संघाच्या टेबलामागे अध्यक्ष डॉक्टर स्टॅडलर बसले होते. डॉक्टर म्हणजे दातांचे, आता निवृत्त. त्यांची नजर रायफलीच्या पुढच्या पट्टीवर पडली. ही पट्टी म्हणजे नळी आणि लाकूड एकत्र धरून ठेवणारे लोखंडी कडे. डॉक्टर हळूच उभे राहिले.

"आर्लो, बाळा, हलू नकोस."

"का? भरलेली नाहीये."

"भरलेली असली तरी चालली असती. ती खाली ठेवू नकोस."

"बरं."

"वरही धरू नकोस."

"मग करू काय तिचं?"

"श्वास दुसरीकडे सोड," डॉक्टर म्हणाले आणि खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून घालू लागले. "माझ्यावर विश्वास ठेव. तुझी दाढ मी काढली आहे."

"ती चुकीची दाढ होती, डॉक्टर."

"पण निघाली की नाही स्वच्छ?"

यानंतर ओळख पटवण्याची कार्यवाही सुरू झाली. ती शास्त्रशुद्ध असते. ट्विचेल मॉडेल अकरा ही सामान्य माणसाला एकच रायफल वाटते. प्रत्यक्षात तिचे एकशे बारा उपप्रकार आहेत. त्यांतले साठेक केवळ एका कामगाराकडे धड पेचकस नव्हता म्हणून निर्माण झाले, असे अभ्यासक मानतात. उपप्रकार ठरवण्यासाठी रायफल उलटी करून खालच्या स्क्रूची खाच पाहतात. खाच नळीला समांतर असेल तर पहिला प्रकार, आडवी असेल तर दुसरा, तिरकी असेल तर मधल्या काळात कुणीतरी तो स्क्रू काढला होता आणि त्या माणसाचा निषेध नोंदवून पुढे जातात.

डॉक्टरांनी दात तपासायचा छोटा आरसा काढून नळीत घातला. एकदा तर ते सवयीने रायफलीला "मोठा आ" असेही म्हणाले. खजिनदार नॉर्बर्ट क्लाईन यांनी भिंग लावून पट्टीखालचा मळ पाहिला. नॉर्बर्ट हे वजनदार गृहस्थ. त्यांनी वाकून पाहिले की परत सरळ होईपर्यंत कार्यवाही थांबते.

"मळ मूळचा आहे," वर आल्यावर ते म्हणाले. त्यांनी आधी भिंग पुसले, मग डोळे.

इथे मळाचे महत्त्व सांगणे भाग आहे. मळ हा रायफलीचा जन्मदाखला. स्वच्छ रायफल म्हणजे कागदपत्रे नसलेला माणूस. ती कुठून आली, कोण तिची आई, काही पत्ता नाही. आर्लोच्या आईच्या रायफलीवर मात्र जन्मापासूनचा मळ थराथराने शाबूत होता, कारण आर्लोची आई ती रायफल दर रविवारी नाश्ता झाल्यावर बेकनच्या चरबीने पुसत असे. चरबीखाली मळ, मळाखाली निळी झिलई. संघाच्या इतिहासात इतका सुरक्षित मळ कुणी पाहिला नव्हता.

आणि पट्टी उलटी होती.

ती उलटी का होती, हे संघाच्या प्रत्येक सभासदाला तोंडपाठ आहे. कारखान्यात एका शनिवारी पट्ट्या बसवणाऱ्या कामगाराला रांजणवाडी झाली. एका डोळ्याने काम करताना त्याने दिवसभर सगळ्या पट्ट्या उलट्या बसवल्या. सोमवारी मालकाने त्याला हाकलले. त्याचे नाव इझेकिएल मूट. आज संघ दरवर्षी त्याच्या जयंतीला जेवण देतो आणि त्या वेळी सगळे सभासद क्षणभर एक डोळा मिटतात. त्याच्याच शेजारी तीसेक वर्षे एकही पट्टी न चुकवता बसवणारा दुसरा एक कामगार होता. त्याचे नाव कुणाला माहीत नाही. त्याच्या रायफली प्रदर्शनात दाराजवळच्या पिंपात उभ्या असतात आणि घेणाऱ्याला त्यांच्याबरोबर टोपी फुकट मिळते.

डॉक्टरांनी आर्लोला बाजूला घेतले. रायफलीचे मूल्य मोठ्याने उच्चारायचे नसते, ते कानात सांगायचे असते, आणि तेही ज्या कानाने माणूस कमी ऐकतो त्या कानात. (ऐकणाऱ्याला दोनदा विचारावे लागते. त्यात आदर दिसतो.) डॉक्टरांनी आकडा सांगितला.

"किती?" आर्लोने विचारले.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितले. आर्लो मागच्या खुर्चीवर बसला. खुर्चीवर कुणाचा तरी गोड रोल ठेवलेला होता, पण त्या दिवशी आर्लोला ते घरी जाईपर्यंत कळले नाही.

"आता रायफल माझ्याकडे राहू दे," डॉक्टर म्हणाले. "माझ्या जुन्या दातांच्या दवाखान्यातलं कपाट घरी आणलंय. हवा कोरडी, उजेड मंद. प्रमाणपत्र होईपर्यंत."

आर्लोने मान डोलावली. मान डोलावताना त्याच्या डोळ्यांसमोर एक नवा पिकअप ट्रक येऊन उभा राहिला होता, लाल रंगाचा, गरम होणाऱ्या सीटचा. आईचा विचार त्याच्या मनात आला तो घराच्या फाटकाशी पोहोचल्यावर.

आई स्वयंपाकघरात कॉफी ओतत होती. अर्डिस टॉर्गर्सन, वय एक्क्याऐंशी. उंची फार नाही, पण घरात ती उभी असली की बाकीचे बसतात. लग्न झाले त्या वर्षापासून दर शरदात तिने याच रायफलीने एल्क, म्हणजे घोड्याएवढे सांबर, मारला होता आणि हिवाळाभर घरात तेच मांस शिजत असे. यंदा वरच्या खोऱ्यातल्या मोठ्या नराचा परवाना तिला सोडतीत लागला होता. लोक जन्मभर अर्ज करतात आणि परवाना त्यांच्या अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात येतो. अर्डिसचा वेळेत आला होता. शिवाय डिसेंबरात तिच्या उजव्या खांद्यात नवा सांधा बसवायचा होता. त्यानंतर बंदुकीचा धक्का सोसायचा नाही, असे डॉक्टरने सांगितले होते. (हा खरा डॉक्टर, साठ मैलांवरचा.) म्हणजे येता शनिवार, शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस, हा तिचा शेवटचा पहिला दिवस होता.

"स्क्रू मिळाला?" तिने विचारले.

"आई, तू बस."

"मी उभीच बरी. बंदूक कुठाय?"

आर्लोने सगळे सांगितले. उलटी पट्टी, रांजणवाडी, मळ. शेवटी त्याने आईच्या कानाशी जाऊन आकडा सांगितला. तिचा तो कान चांगला होता, त्यामुळे तिने दोनदा विचारले नाही.

"बरं," ती म्हणाली. "शनिवारी पहाटे मला माझी बंदूक हवी."

"आई, अगं ऐकलंस ना तू? एक गोळी झाडली की आठ टक्के जातात!"

"मग मी नीट नेम धरीन. एकच झाडीन."

"माझी घे ना. नवी आहे, हलकी आहे, दुर्बीण लावलीय."

"आर्लो, माझा खांदा त्या दस्त्याला ओळखतो. या वयात नव्या ओळखी करून घ्यायच्या नसतात. आणि बाबा रे, तुझ्या पँटला मागे साखर लागलीय."

मंगळवारी समिती चौकशीसाठी घरी आली. रायफल मखमलीत गुंडाळून आणली होती. गाडीत तिला दोघांच्या मधल्या सीटवर पट्टा बांधून बसवले होते. (नॉर्बर्ट यांना त्या पट्ट्याचा आजवर काही उपयोग झाला नव्हता, तो त्यांना पुरत नसे.) चौकशीचा विषय होता दस्त्यावरचे खड्डे आणि ओरखडे. संघाच्या नियमांप्रमाणे खड्डे दोन जातींचे असतात. इमानदार वापराचा खड्डा मूल्य वाढवतो. साधा खड्डा मूल्य घटवतो. दोन्ही दिसायला सारखेच असतात, फरक फक्त खड्डा पाडणाऱ्यात असतो. अस्वलाने पाडलेला खड्डा सगळ्यात उत्तम. त्याखालोखाल घोडा, मग दरोडेखोर, मग दरी.

अर्डिसने टेबलावर लेफ्सा ठेवल्या. या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. नॉर्बर्ट यांनी हातमोजे घालूनच चार खाल्ल्या.

"अर्डिसकाकू," डॉक्टरांनी गंभीरपणे सुरुवात केली, "हा खोल खड्डा. याच्याबद्दल काय आठवतं?"

"तो? फ्रीज हलवताना. खाली टेकू लावला होता."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "काकू, घाई नाही. नीट आठवा. अस्वल नव्हतं का आसपास?"

"स्वयंपाकघरात?"

"अंगणात असेल. फ्रीज हलवताना खिडकीतून दिसलं असेल."

"दिसलं असेल बाई. पण ते मदतीला आलं नाही एवढं पक्कं."

"अस्वलाच्या उपस्थितीत," डॉक्टर लिहीत म्हणाले. "आणि हे दातांचे ठसे?"

"आर्लोचे. दात येत होते तेव्हा."

समितीत कुजबूज झाली. मालकाच्या अपत्याचे दात हा मुद्दा नियमांत नव्हता. डॉक्टरांनी आर्लोला तोंड उघडायला सांगितले, ठशांशी ताडून पाहिले आणि जाहीर केले की ठसे दुधाच्या दातांचे असल्याने मूळ दात उपलब्ध नाहीत, सबब संशयाचा फायदा रायफलीला देण्यात येत आहे.

"आणि हा लांब ओरखडा?"

"छपरावरचे बर्फाचे सुळे पाडायला वापरते मी ती. हिवाळाभर. दुसरं लांब काही घरात नाही. आर्लो आहे, पण तो लवकर उठत नाही."

आर्लोने मनातल्या मनात त्या लाल ट्रकची एक गरम सीट कमी केली.

याच बैठकीत मूल्यघटीचे दर अर्डिसला वाचून दाखवण्यात आले. हातमोज्यांशिवाय स्पर्श, अर्धा टक्का. पावसात नेणे, पाच टक्के. गोळी झाडणे, प्रत्येकी आठ टक्के. प्रेमाने स्वच्छ करणे, तीस टक्के. (द्वेषाने स्वच्छ केल्याचे उदाहरण नोंदलेले नाही.) या हिशेबाने ज्या रायफलीला कधी कुणी हात लावला नाही ती सर्वात श्रेष्ठ ठरते, आणि तशी एक रायफल खुद्द नॉर्बर्ट यांच्याकडे होती. ती कारखान्यातून निघालेल्या लाकडी पेटीत होती. पेटी आजतागायत उघडलेली नव्हती. उघडली तर किंमत निम्मी.

"म्हणजे तुम्ही ती पाहिलेलीच नाही?" अर्डिसने विचारले.

"छे छे," नॉर्बर्ट दचकून म्हणाले. "माझ्या वडिलांनीही नाही."

"आणि आत दगड निघाला तर?"

नॉर्बर्ट यांनी पाचवी लेफ्सा हळूच खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग हळूहळू तेज चढले.

"काकू, दगड भरून निघालेली ट्विचेलची पेटी आजवर एकही सापडलेली नाही," ते म्हणाले. "ती तर अनमोल ठरेल."

"मग दगडच असू दे बाई तुमच्या नशिबात," अर्डिस म्हणाली. "पण शनिवारी माझी बंदूक हवी."

मालकाला स्वतःच्या बंदुकीने गोळी झाडण्यापासून रोखता येईल असा कायदा मोंटानात नाही. तो करायचा प्रस्ताव कुणी मांडला तर त्याला पुढच्या निवडणुकीत उभे राहायला दुसरे राज्य शोधावे लागेल. म्हणून संघाने गुरुवारी तातडीची सभा घेऊन ठराव केला. गोळी संघाच्या देखरेखीखाली झाडण्यात यावी. रायफल कुलूपबंद पेटीतून दोन पदाधिकाऱ्यांनी वाहून न्यावी, पेटीला दोन कुलुपे असावीत, एक किल्ली अध्यक्षांकडे, दुसरी खजिनदारांकडे. एल्क नक्की झाल्याशिवाय पेटी उघडू नये. एल्क नक्की झाला आहे की नाही हे बहुमताने ठरावे. आर्लोला मत नव्हते, पण त्याला पेटी उचलता येत होती.

आर्लोने ठराव आईला वाचून दाखवला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला.

"किती माणसं येणार?"

"दोघं. आणि मी."

"ठीक आहे. वर चढून जायची वाट त्यांना आधी सांगू नकोस," अर्डिस म्हणाली.

शनिवारी उजाडायच्या आत चौघे चढणीला लागले. ताजा बर्फ घोट्यापर्यंत होता. सगळ्यांनी नियमाप्रमाणे नारिंगी जाकिटे घातली होती. पदाधिकाऱ्यांनी त्यावर पांढरे हातमोजे चढवले होते, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वरात वाटली असती. पुढे अर्डिस काठी टेकत, तिच्यामागे एका हाताने पेटी धरलेले डॉक्टर, पेटीच्या दुसऱ्या टोकाला आर्लो, आणि बऱ्याच अंतरावर, स्वतःला वाहून नेणारे नॉर्बर्ट. पेटीचे दुसरे टोक खरे तर त्यांचे होते. पण पहिल्याच वळणावर त्यांनी ते आर्लोला तात्पुरते सुपूर्द केले. (नोंद: तात्पुरते.)

वरच्या खोऱ्याच्या कडेला अर्डिस एका पडलेल्या झाडामागे थांबली. समोर उतारावर, झाडीच्या काठाशी, तो उभा होता. शिंगे अशी की मागच्या फांद्या कुठल्या आणि त्याच्या कुठल्या हे कळू नये. तो बर्फाखालचे गवत उकरून खात होता.

आर्लो लहान असताना याच झाडामागे बसला होता, तेव्हा ते झाड उभे होते. त्याने आईकडे पाहिले. ती हसत होती. गेल्या कित्येक हिवाळ्यांत त्याने तिला असे पाहिले नव्हते, आणि गंमत म्हणजे नक्की कशासाठी पेटी बंद ठेवायची होती, हे त्याला क्षणभर आठवेना.

"पेटी," अर्डिस पुटपुटली.

डॉक्टरांनी आपले कुलूप उघडले. दुसरी किल्ली खाली कुठेतरी धापा टाकत होती.

"नॉर्बर्ट येईपर्यंत एल्क नक्की आहे का यावर चर्चा करता येईल," डॉक्टर कुजबुजले.

"एल्क नाहीये तर काय, पोस्टमन आहे?"

"माझं मत अनुकूल आहे, काकू. पण एक मत म्हणजे बहुमत नव्हे."

एल्क खात राहिला. त्याने मान वर केली, खाली केली. दरीतून नॉर्बर्ट यांचा श्वास आधी आला, मग टोपी, मग नॉर्बर्ट. त्यांना बोलता येत नव्हते म्हणून त्यांनी हात वर करून मत दिले आणि त्याच हाताने किल्ली दिली. ठराव संमत झाला. पेटी उघडली. मखमल बाजूला सारून अर्डिसने रायफल उचलली. डॉक्टरांनी तिच्यापुढे हातमोजे धरले. तिने ते घेतले आणि झाडाच्या खोडावर पसरून त्यांच्यावर कोपर टेकवले.

"आता कुठे हे उपयोगी पडले," ती म्हणाली आणि खिशातून काडतूस काढले.

"थांबा!" डॉक्टर दबक्या आवाजात ओरडले. "ते कुठून आणलंत?"

"तळघरातून. पिवळ्या डब्यातलं. सासऱ्यांचं."

डॉक्टरांनी काडतुसाचे बूड पाहिले आणि टोपी काढून छातीशी धरली. हे ट्विचेलने स्वतः बनवलेले काडतूस होते. कारखान्याने काडतुसांचा धंदा एकच वर्ष केला, कारण त्यांतली निम्मी उडत नसत. पूर्ण देशात न झाडलेली अशी मोजकीच शिल्लक होती.

"काकू, हे एक काडतूस..." डॉक्टर तिच्या कानाशी आले.

"कानात बोलू नका. गुदगुल्या होतात."

"हे बंदुकीपेक्षा महाग आहे!"

"मग आता काय करू? हाक मारून मारू त्याला?" अर्डिसने खिशातले दुसरे तसलेच काडतूसही काढले, दोन्ही रायफलीत भरली आणि बाजूची दांडी ओढून पहिले नळीत सारले.

तिने नेम धरला. पुढची खूण सैल होती, पाऊण डॉलरच्या स्क्रूचा विषय मोठ्या विषयांत मागे पडला होता. अर्डिसने ती अंगठ्याने दाबून सरळ केली, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला.

टक्.

काडतूस उडाले नाही. एल्कने मान वर करून थेट त्यांच्याकडे पाहिले.

"वाचलं!" नॉर्बर्ट यांना या वेळी वाचा फुटली. त्यांनी आनंदाने डॉक्टरांना मिठी मारली.

एल्क वळला. दोन पावले झाडीकडे गेला. अर्डिसने दांडी ओढली, पहिले काडतूस बाहेर पडले, दुसरे आत गेले. एल्क झाडीच्या सावलीत शिरणार, तेवढ्यात आर्लोने दोन बोटे तोंडात घालून कर्कश शीळ घातली. जनावर एका क्षणासाठी थबकले आणि आडवे उभे राहिले.

रायफल वाजली. खोऱ्यात आवाज दोनदा फिरून आला. एल्क पुढच्या गुडघ्यांवर बसला आणि मग कुशीवर कलंडला. दुसऱ्या गोळीची गरज पडली नाही.

यानंतर समितीने तत्परता दाखवली. दोन्ही पदाधिकारी आडवे होऊन बर्फात रांगू लागले. पहिले न उडालेले काडतूस, ज्यावर आता आतल्या खिळ्याच्या ठोक्याची इमानदार खूण होती, आणि दुसऱ्याची रिकामी, अजून गरम असलेली पुंगळी, दोन्ही बर्फात शिरली होती. पुंगळी बर्फ वितळवत किती खोल गेली असेल यावर डॉक्टरांचे एक मत पडले आणि नॉर्बर्ट यांचे दुसरे. दोघेही उघड्या हातांनी उकरत होते. "आर्लो, ये लवकर!" डॉक्टर ओरडले. "तुझ्या पायाखाली असेल! पाय उचलू नकोस! नको, उचल!"

आर्लो वाकला. त्याला खरेच बर्फात पितळेसारखे काहीतरी पिवळे चमकताना दिसले.

"आर्लो." अर्डिस खाली उतारावर, एल्कपाशी पोहोचली होती. तिच्या हातात सुरा होता. "मला एकटीला हा उलटा होत नाही. ये, पाय धर."

आर्लोने एकदा पिवळ्या चमकेकडे पाहिले, एकदा आईकडे. मग तो उतार उतरून गेला आणि त्याने पाय धरला. मायलेकरांचे काम बरेच चालले. वरून अधूनमधून "सापडली!" आणि "नाही, माझं बटण आहे" असे आवाज येत होते.

दुपारी पदाधिकारी खाली आले. दोघांच्या नाकाच्या शेंड्यांना हिमदंश झाला होता, पण दोन्ही वस्तू मिळाल्या होत्या. मूल्याची फेरतपासणी तिथेच, ट्रकच्या मागच्या फळीवर झाली. आठ टक्के वजा करण्यात आले. एक्क्याऐंशी वर्षांच्या मालकिणीने, दोन पदाधिकाऱ्यांच्या समक्ष, मूळ काडतुसाने एल्क मारल्याबद्दल काही मिळवण्यात आले. काही म्हणजे किती, यावर बराच वाद झाला. अखेर डॉक्टर आर्लोच्या कानाशी गेले आणि त्यांनी नवा आकडा सांगितला. आर्लोने ऐकले. या वेळी तो बसला नाही. तो हसू लागला आणि त्याला बराच वेळ हसू आवरेना.

अर्डिसने आकडा विचारला नाही. संध्याकाळी तिने कलेजी कांद्याबरोबर परतली, दोन्ही पदाधिकाऱ्यांना जेवू घातले आणि जेवण झाल्यावर रायफल बेकनच्या चरबीने पुसून दारामागच्या खिळ्याला टांगली. डॉक्टरांनी तोंड फिरवले. नॉर्बर्ट यांनी डोळे मिटून तीस टक्के असे पुटपुटले आणि आणखी कलेजी मागितली.

त्या एल्कचे मांस मऊ होते, मार्चपर्यंत पुरले. खांद्यावर बंदुकीच्या धक्क्याची जी निळी खूण उमटली, ती अर्डिसने शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत सगळ्या परिचारिकांना दाखवली. सांधा नीट बसला. आर्लो आता लवकर उठतो आणि छपरावरचे सुळे स्वतः पाडतो, एका लांब बांबूने. मायलेकरे रविवारी एकत्र नाश्ता करतात. ही सगळी माहिती इथे सविस्तर दिली, कारण गोष्ट त्यांची आहे आणि तिचा शेवट गोड झाला आहे.

परंतु वाचकाची नजर वरचा परिच्छेद घाईने ओलांडून खाली आकडा शोधत गेली, याची नोंद घेण्यात आली आहे. म्हातारीचा खांदा कसा आहे, हा प्रश्न आपल्याकडून आला नाही. "शेवटी किती?" हा आला. संग्राहक संघाचे सभासद होण्यासाठी बंदूक असावी लागत नाही, मोंटानात राहावे लागत नाही, मळातले काही कळावे लागत नाही. एवढी एकच पात्रता लागते. आपला अर्ज मंजूर झाला आहे. वार्षिक वर्गणी जानेवारीअखेर भरावी.